निवड यादीच्या आधीचे दोन दिवस



आयटीआयच्या शिल्प निदेशकांच्या आपल्या या परिषदेत अध्यक्षाने व्यापक विषयावर बोलावं असा संकेत आहे. चौथी औद्योगिक क्रांती, रोबो, कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर बोलायला उद्या पाहुणे येणार आहेत. ते छान बोलतील. मी प्रवेशावर बोलणार आहे. दरवर्षी उन्हाळ्यात आपल्या नोटीस बोर्डावर लागणारी ती माहितीपुस्तिका, तिच्यानंतरच्या फेऱ्या, आणि सगळं आटोपल्यावर आपल्या शॉपमध्ये येऊन उभी राहणारी वीस मुलं. ही वीस मुलं तिथवर कशी आली, हे आपण कधी नीट विचारत नाही. आपलं काम तिथून पुढे सुरू होतं असं आपण धरून चालतो. आधीचं सगळं प्रवेश समितीचं, संगणकाचं आणि संचालनालयाचं. पण वर्षभर आपण ज्या तक्रारी एकमेकांना सांगतो, मुलाचं लक्ष नाही, हजेरी नाही, ऑक्टोबरात सोडून गेला, त्यांतल्या निम्म्यांचं मूळ त्या उन्हाळ्यात असतं.

आपली व्यवस्था थोडक्यात सांगतो. तुम्हाला ती पाठ आहे, पण पत्रकार मित्रही बसलेत. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, खासगीही शेकड्यांनी आहेत, आणि सगळ्या मिळून सुमारे दीड लाख जागा. किमान वय 14, वरची मर्यादा नाही. एखाद्या चाळिशीतल्या गृहस्थाला मुलाच्या शेजारी बसून फिटिंग शिकायचं असेल तर शिकता येतं, आणि अशी माणसं येतातही. दहावीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. विद्यार्थी संस्था आणि ट्रेड मिळून विकल्पांची यादी ऑनलाइन भरतो. सामाजिक आरक्षण आहे, मुलींसाठी 30 टक्के जागा आहेत. पहिल्या फेरीत पहिलाच विकल्प मिळाला तर तो घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. शेवटी समुपदेशन फेरी, आणि त्यानंतरही जागा उरल्या तर संस्था पातळीवर प्रवेश. मुलाखत नाही, प्रात्यक्षिक चाचणी नाही, कल पाहणं नाही. शंभर टक्के टक्के.

आता यावर आपल्यापैकी बऱ्याच जणांचं मत मला ठाऊक आहे. काल रात्री जेवणाच्या पंगतीत तीन-चार ज्येष्ठ मंडळींनी ते मला पुन्हा ऐकवलं. टक्के बघून काय कळतं? मुलाच्या हाताला वळण आहे का ते बघा. आम्हाला पाच मिनिटं मुलाशी बोलू द्या, एक फाइल हातात देऊ द्या, आम्ही सांगतो कोण टिकणार.

मित्रांनो, मी या मताचा नाही. अगदी उलट मताचा आहे, आणि त्याचं कारण ऑनलाइन प्रवेशाच्या आधीचे दिवस मी पाहिलेत. हस्तलिखित यादी, फाइलला टाचलेल्या चिठ्ठ्या, चिठ्ठीखाली सही कुणाची तर ज्याच्या शब्दावर संस्थेच्या आवारातल्या रस्त्याचं डांबरीकरण अडलेलं असे त्याची. ‘आपला माणूस आहे’ एवढ्या तीन शब्दांवर इलेक्ट्रिशियनची जागा जायची. दूरच्या वाडीतून आलेला पोरगा यादी लावण्याच्या दिवशी बोर्डासमोर उभा राहायचा, आपलं नाव नाही हे बघायचा, आणि का नाही हे विचारायचं धाडस न करता परतायचा. संगणकाने ते थांबवलं. आज 84.20 टक्क्यांच्या वर 84.40 असतो, आणि कुणाचाही बाप त्याला खाली ढकलू शकत नाही. आपल्याकडे मुलाखतीचे पाच गुण आले ना, की त्या पाच गुणांसाठी पुन्हा चिठ्ठ्या येतील. तेव्हा आपल्या हातून निवड गेली हे फार बरं झालं. ती परत मागू नका.

पण टक्के काय मोजतात याबद्दल डोळे मिटून घेण्याचंही कारण नाही. दहावीच्या टक्केवारीत सहापैकी उत्तम पाच विषय धरतात. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे आणि खेळाचे वाढीव गुण त्यात येतात. गणितात जेमतेम पास झालेला आणि भाषांत भरभरून मिळवलेला मुलगा फिटरच्या यादीत वर दिसतो. मग कोन, त्रिकोणमिती आणि व्हर्निअरच्या रेषा यांच्याशी त्याची गाठ पडते, तेव्हा ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’चा तास त्याला शिक्षा वाटतो. हे एक उदाहरण. पण उपाय म्हणून प्रत्येक ट्रेडला वेगळी टक्केवारी काढायला लागलो तर माहितीपुस्तिका आयकर कायद्याएवढी होईल. ते मी सुचवणार नाही.

मला जे म्हणायचं आहे ते निवडीच्या दुसऱ्या बाजूचं आहे. संस्थेने मुलाला निवडावं कसं यावर आपण सत्तर-पंचाहत्तर वर्षं चर्चा करतोय. मुलाने ट्रेड निवडावा कसा, हा प्रश्न आपण महा ई-सेवा केंद्रातल्या पोराकडे सोपवून मोकळे झालोय.

तालुक्याच्या गावी जूनमध्ये अशा केंद्रात कधी अर्धा तास बसून बघा. मी मुद्दाम बसलो आहे. एक संगणक, एक प्रिंटर, बाहेर बाकावर दहा-बारा मुलं आणि पालक, भिंतीवर झेरॉक्सचे दर. आतला ऑपरेटर हुशार, हात फार जलद. त्याच्यासमोर मुलगा आणि त्याचे वडील. वडिलांच्या हातात प्लास्टिकची पिशवी, तीत शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, आधार, बँकेचं पासबुक. ऑपरेटर विचारतो, कुठला ट्रेड टाकू? मुलगा वडिलांकडे बघतो. वडील ऑपरेटरकडे बघतात. ऑपरेटर म्हणतो, सगळे इलेक्ट्रिशियन टाकतात, एक नंबरला तोच टाकू, मग फिटर, मग डिझेल, खाली संगणकाचा कोपा. टाका, म्हणतात वडील. मग जवळच्या संस्था उतरत्या क्रमाने. विकल्प लॉक, ओटीपी, प्रिंट. पुढचा. त्या खोलीत दोन वर्षांचा निर्णय झाला, आणि त्या निर्णयात सगळ्यात कमी बोलला तो मुलगा.

त्या ऑपरेटरला मी दोष देत नाही. त्याचं काम फॉर्म भरण्याचं आहे आणि ते तो आपल्यापेक्षा बिनचूक करतो. दोष असलाच तर आपला आहे, कारण मशिनिस्ट म्हणजे काय, रेफ्रिजरेशनवाला दिवसभर काय करतो, ड्राफ्ट्समन सिव्हिलला बसून काम आहे की उभ्याने, हे त्या मुलाला सांगणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. आपल्या व्यवसायांची सरकारी मराठी नावं तर आणखी गंमत करतात. टर्नरचा कातारी, वेल्डरचा संधाता, फिटरचा जोडारी. एका बाईंनी मला विचारलं होतं, ‘सर, संधातामध्ये काय, लग्न जमवायचं शिकवतात का?’ मी त्यांना शॉपमध्ये नेऊन आर्कची ठिणगी दाखवली. त्यांच्या मुलाने मग वेल्डिंगच घेतलं. नाव कुठलंही ठेवा, शॉपमध्ये नेल्याशिवाय ते पोचत नाही.

राज्याने या बाबतीत काही केलंच नाही असं नाही. 2016 पासून काही वर्षं दहावीच्या सगळ्या मुलांची कल चाचणी झाली. लाखो मुलांनी दिली, अहवाल हातात आले. कल्पना चांगली होती. पण आयटीआयच्या प्रवेशात त्या अहवालाला कुठे जागा नव्हती, शाळेत तो समजावून सांगायला माणूस नव्हता, आणि पडद्यावर प्रश्नांची उत्तरं देऊन हाताचा कल कळत नाही. करवत धरल्यावर मूल खांद्यातून जोर लावतं की मनगटातून, मोडलेल्या ब्लेडवर चिडतं की हसतं, हे कागदावर उतरत नाही. चाचणी थांबली, आणि कुणाला चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं नाही.

आता जरा पात्रतेकडे येतो, कारण प्रवेशाच्या नियमांतली सगळ्यात जुनी गाठ तिथे आहे. आपल्या आयटीआय ज्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेत चालतात ती केंद्र सरकारने 1950 मध्ये सुरू केली. तिचं मूळ त्याही आधीचं. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना आणि सैन्याला तंत्रज्ञ लागले, त्यांना घाईने तयार करणारे वर्ग निघाले. युद्ध संपल्यावर सैन्यातून परतलेले जवान आणि फाळणीत घरदार सोडून आलेले निर्वासित यांना उभं करायला तीच यंत्रणा वापरली गेली. शिवा राव समितीच्या शिफारशीनंतर 1956 मध्ये संस्थांचा कारभार राज्यांकडे आला, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद झाली. म्हणजे आरंभी प्रश्न असा होता की समोर माणूस उभा आहे, त्याला काम हवंय, त्याला काय शिकवू. पुढे मॅट्रिक झालेल्यांची संख्या वाढत गेली आणि प्रश्न फिरला: जागा थोड्या आहेत, कुणाला नाकारू. पात्रतेच्या अटी पुढे याच दुसऱ्या प्रश्नाच्या सोयीने वापरल्या जाऊ लागल्या.

परिणाम बघा. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांना दहावी पास, विज्ञान-गणितासह. वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतार, गवंडी, पेंटर यांना देशपातळीवरची अट आठवी पास, जिचा आपल्याकडे व्यवहारातला अर्थ दहावी नापास. म्हणजे अट पात्रतेची आहे, पण समाजाने ती इयत्तेप्रमाणे वाचली: पास झालात तर इकडे, नापास झालात तर तिकडे. तीन विषयांत राहिलेल्या मुलाच्या गुणपत्रिकेवर ‘अनुत्तीर्ण’ न लिहिता ‘कौशल्य विकासास पात्र’ असं लिहायला आपल्या राज्य शिक्षण मंडळाने सुरुवात केली तेव्हा हेतू दयाळू होता हे मान्य. पण त्यातून गावागावात हाच समज पक्का झाला की कौशल्य ही नापासांची सोय आहे. ज्याला 92 टक्के आहेत तो काय कौशल्याला अपात्र?

तारतंत्री म्हणजे वायरमन आणि वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, यांचंच उदाहरण घ्या. दोन्ही दोन वर्षांचे. पहिल्या वर्षाचं काम बरंचसं सारखं. महावितरणच्या विद्युत सहायकाच्या भरतीत दोन्ही चालतात. पण नव्वदीच्या पुढची मुलं शहरातल्या संस्थेत इलेक्ट्रिशियनसाठी एकमेकांना ढकलत असतात आणि शेजारच्याच शॉपमधल्या वायरमनच्या तुकडीत दोन महिने जागा भरत राहतात. आमच्या वायरमनच्या निदेशकाचं पालुपद असं: माझ्याकडे नापास पाठवलेले असतात, पास करून मी परत देतो. तो हे विनोदाने म्हणतो. पण त्याच्याकडून शिकलेल्या मुलांनी उभारलेली पॅनेलं आज चाकणच्या कारखान्यांत आहेत, हेही तो सांगतो, आणि तेव्हा विनोद नसतो.

वेल्डिंग तर माझाच ट्रेड. जहाज, पूल, बॉयलर, पाइपलाइन, यांतलं कुठलंच काम पक्क्या वेल्डरशिवाय होत नाही. सहा जी या अवघड पोझिशनमध्ये पाइप वेल्ड करून एक्स-रेमध्ये पास होणारा माणूस आखातात आणि जहाजबांधणीत काय कमावतो हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या प्रवेशाची अट मात्र सगळ्यात खालची, मुदत एक वर्ष, आणि जागा बऱ्याचदा शेवटच्या फेरीत भरते. मी अट वाढवा असं म्हणत नाही, ती चूक होईल. दहावीला गणितात अडकलेल्या मुलाचं एकमेव उघडं दार बंद करायचं नाही. उलट हे दार किती मोठ्या दालनात उघडतं ते पास झालेल्यांनाही दिसलं पाहिजे. आठवीनंतर आलेल्या मुलाला आयटीआय आणि मंडळाचे भाषा विषय मिळून दहावीची समकक्षता मिळते, दहावीनंतरच्याला बारावीची. दोन वर्षांचा ट्रेड करून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हे किती पालकांना माहीत आहे? मे महिन्यात गवंडीकामाच्या जागा भराव्या म्हणून आपण शाळांतून पत्रकं वाटत हिंडतो, तेव्हा या ओळी पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात असतात.

भाषेच्या अटीबद्दल फार बोलत नाही. 1890 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जरांनी बडोद्याला कलाभवन काढलं तेव्हा रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम तिथल्या मुलांना त्यांच्या भाषेत शिकवायचं ठरवलं. इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराचा मुलगा दाराबाहेर राहू नये हा त्यामागचा विचार. प्रवेशाची एक अट काढून टाकून संस्था मोठी करता येते, याचं आपल्या भागातलं ते पहिलं ठळक उदाहरण असावं. आपल्याकडे आज मराठी पुस्तकं बऱ्याच ट्रेडना आहेत. ठीक चाललंय.

मुलींकडे वळतो. 30 टक्के जागा राखीव, पण भरतात त्या मुख्यतः कोपा, ड्रेस मेकिंग, शिवण, कॉस्मेटॉलॉजी. कारण म्हणून आवड सांगितली जाते. माझ्या अनुभवात मुलींचा ट्रेड बऱ्याचदा एसटी ठरवते. संध्याकाळची गाडी किती वाजता, शॉप सुटतं किती वाजता, फाट्यावरून घर किती लांब, याचा हिशेब करून बाप विकल्पाचा क्रम लावतो. ज्या संस्थेत हा हिशेब जुळतो तिथे जे ट्रेड आहेत त्यांतून मुलगी निवडते. गुणवत्ता यादीत तिचा क्रमांक कितीही वर असो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे फिटरच्या तुकडीत दोन मुली आल्या, त्या टक्के होते म्हणून आणि जागा होती म्हणून. पहिल्या आठवड्यात एम.एस. फ्लॅट फाइल करताना सगळ्यांचे हात सारखेच सोलले. त्यांतली एक गुण्या लावून उजेडासमोर धरायची आणि फट दिसली की स्वतःच परत वाइसमध्ये बांधायची, निदेशकाला दाखवायच्या आधी. तिच्या जॉबचा चौकोन तुकडीत सगळ्यात खरा होता. तिच्या वडिलांनी माझ्याकडे फक्त एकच मागणं केलं होतं: शनिवारी वेळेवर सोडा. ते मी पाळलं. आज ती एका वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे.

आणि ज्या गोष्टी यादीत दिसतच नाहीत त्यांपैकी एक, डोळे. वीजकामात रंग ओळखता आले पाहिजेत. तीन फेजचे लाल, पिवळा, निळा, अर्थिंगचा हिरवा. प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय दाखला जोडला जातो. तो कसा मिळतो हे मी सांगायला नको. मग सप्टेंबरात वायरिंगच्या बोर्डवर कळतं की पोराला लाल आणि हिरवा यांत फरक दिसत नाही. त्याचा गुन्हा काहीच नाही, त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. तोवर प्रवेश बंद झालेला, दुसऱ्या ट्रेडच्या जागा भरलेल्या. निदेशक त्याला जवळ बसवतो, टर्मिनलचे नंबर बघून काम करायला शिकवतो, आणि परीक्षा होईपर्यंत देवाला हात जोडतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग नीट कळत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांना चित्रकला सोडावी लागली. पण त्यांनी तिथेच यांत्रिक आरेखन शिकून घेतलं, त्याच्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले, बढती नाकारली गेल्यावर बेळगावला जाऊन सायकली विकल्या, मग नांगर, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी. त्यांना दुसऱ्या वाटेला वळता आलं, कारण ती वाट त्याच आवारात होती आणि कुणी तारीख संपली म्हणून अडवलं नाही. आपल्या पोरांना ट्रेड बदलायला किती दिवस मिळतात?

एक हिशेब मांडतो. वीसच्या तुकडीतून ऑक्टोबरात एक मुलगा गेला, पोलीस भरतीच्या तयारीला म्हणा, अकरावीला म्हणा, नुसता कंटाळून म्हणा. प्रवेशाची मुदत संपलेली असते, तिथे दुसरा घेता येत नाही. ती जागा दोन वर्षं रिकामी. लेथ तीच, निदेशक तोच, वीज तीच. आणि त्याच जागेसाठी जुलैत एक टक्क्याने राहिलेला कुणीतरी आता हॉटेलात काम करत असतो. आयटीआय, पॉलिटेक्निक, अकरावी या तिन्ही प्रक्रिया शेजारी-शेजारी चालतात, 2025 पासून अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया सगळ्या राज्यात गेली. एकाच मुलाचं नाव तीन याद्यांत असतं, मूळ दाखला मात्र एकच. तो दाखला काढायला ऑगस्टमध्ये मुलं कार्यालयाच्या खिडकीशी येतात, तेव्हा आमचे लिपिक हताश होतात. या तिन्ही प्रक्रिया एकत्र बांधणं आपल्या परिषदेच्या आवाक्यात नाही. ज्यांच्या आहे त्यांनी ते करावं.

आपल्या आवाक्यात काय आहे ते सांगतो आणि थांबतो.

दहावीची परीक्षा मार्चच्या आसपास संपते. निकाल अलीकडे मे महिन्यात लागतो. मधले सहा-आठ आठवडे सोळा वर्षांची मुलं मोबाइलवर किंवा लग्नाच्या वरातीत असतात. आपल्या कार्यशाळा त्या काळात चालू असतात, कारण आपलं वर्ष ऑगस्टपासून. माझा प्रस्ताव असा की प्रत्येक शासकीय संस्थेने या काळात दहावी दिलेल्या मुलामुलींना दोन दिवस आत घ्यावं. प्रदर्शन नको, रांगेने फिरवून चहा-बिस्किट देणं नको. हातात काम द्यावं. फिटरमध्ये करवत आणि फाइल. गवंडीकामात ओळंबा लावून सहा विटांचा थर. वायरमनमध्ये एक दिवा, एक बटण, विद्युत पुरवठा तोडलेल्या बोर्डवर, आणि तिथेच रंग ओळखण्याची साधी तपासणी. वेल्डिंगमध्ये मुलांनी फक्त शील्डमधून बघायचं, मशीनला हात नाही. मी वेल्डिंगवाला असूनही हे सांगतो. दुसऱ्या दिवशी आपल्या सध्याच्या प्रशिक्षणार्थींनी त्यांच्याशी बोलावं, निदेशकांनी बाजूला व्हावं. पगार किती, शिकाऊ उमेदवारीत विद्यावेतन किती, सुपरवायझर शिव्या देतो का, हे मुलं मुलांनाच विचारतात.

या दोन दिवसांना गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही, प्रवेशात प्राधान्य नाही. हे मी ठरावाच्या मसुद्यात मुद्दाम घालायला सांगितलं आहे, कारण गुण ठेवले की चिठ्ठी आली. निवड यादी टक्क्यांचीच राहील. फक्त विकल्पांचा क्रम लावताना मुलाच्या हाताला आठवेल की कुठल्या शॉपमध्ये वेळ कसा गेला ते कळलं नाही.

दुसरी मागणी, प्रवेश झाल्यावर त्याच संस्थेत, जागा असेल तर, पहिल्या पंधरा दिवसांत एकदा ट्रेड बदलण्याची मुभा, तीही गुणवत्तेच्या क्रमानेच. संगणकाला हे अवघड नाही.

जर्मनीचं नाव या सभागृहात आज सकाळपासून चार वेळा निघालं, 2024 मध्ये आपल्या राज्याने बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून ते निघतंच. तिथल्या दुहेरी पद्धतीत कायद्याने शाळेच्या कुठल्या प्रमाणपत्राची अट नाही. मुलाला कारखानदारच निवडतो, त्याच्याशी करार करतो. चांगलं आहे. पण तिथे कारखानदार उद्योगांच्या चेंबरच्या शिस्तीत बांधलेला आहे, आणि मूल शाळेत असतानाच कारखान्यात काही आठवडे काढून आलेलं असतं. आपण निवडीची त्यांची पद्धत उचलायला निघालो तर वाळूजचा ठेकेदार निवडायला बसेल. त्याआधीचे ते काही आठवडे मात्र उचलण्यासारखे आहेत. माझे दोन दिवस त्याचंच गरिबीतलं रूप समजा.

हा मसुदा काल कार्यकारिणीत मांडला तेव्हा तत्त्वाला विरोध कुणाचाच नव्हता. अर्धा तास चर्चा झाली ती विम्यावर. सोळा वर्षांचं मूल, अजून आपलं प्रशिक्षणार्थी नाही, कार्यशाळेत येणार, बोट कापलं तर जबाबदार कोण? गॉगल आणि बूट कुणाचे? विम्याचा हप्ता कुठल्या लेखाशीर्षातून? प्रश्न रास्त आहेत. माझं म्हणणं असं की संस्था व्यवस्थापन समितीच्या निधीतून पहिल्या वर्षी हे भागू शकेल. हेल्मेट-गॉगल आपल्याकडे आहेत, बुटांसाठी शेजारच्या कारखान्यांना सांगता येईल, पालकांचं संमतीपत्र शाळेतून घ्यावं. पण निधीचे नियम माझ्यापेक्षा लेखा शाखेच्या सहकाऱ्यांना जास्त कळतात. त्यांना मी दुपारच्या सत्रात पहिल्यांदा बोलायची विनंती करतो. मसुद्याच्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत. जेवणाआधी घ्या, दुरुस्त्या पेन्सिलने करा, आणि अडीचला परत या.